लमाईची चौतीस घरं

पी लमाईचं काम भिंतींना खेटून चालण्याचं होतं. असं सांगितलं की लोक हसतात, पण पगारपत्रकावर जे मोठं नाव होतं त्याचा अर्थ एवढाच होता.

आमची कंपनी लाड प्राओच्या एका गल्लीत, चौथ्या मजल्यावर. दूर देशातली एक बडी कंपनी अवाढव्य व्हिडिओ गेम काढायची आणि त्यातलं कंटाळवाणं काम बँकॉकला आमच्याकडे पाठवायची. मी जिने, दारं आणि पिंपं बनवायचो. अकरा वर्षांत हजारभर जिने तरी केले असतील, पण त्यातल्या एकावरही माझं नाव नाही. असं तयार झालेलं शहर मग पी लमाईकडे जायचं. ती स्क्रीनवर एक बाहुली घेऊन त्यात शिरायची आणि प्रत्येक भिंतीला खांदा लावून चालायची. कुठे खांदा दगडात घुसला, कुठे पायरीतून पाय आरपार गेला, की लिहून ठेवायची. हे शहर म्हणजे थंड मुलखातलं एक बंदर होतं, बारा महिने बर्फ पडणारं. त्यात माणसं अगदी शेवटी घालायची होती, म्हणून साडेतीन वर्षं ते रिकामंच होतं. त्या रिकाम्या शहरात ही एकटी बाई रोज आठ तास चालायची.

आमच्याकडे वयाने मोठ्या कुणालाही पी म्हणतात, मग ती ताई असो, दादा असो की मालक. लमाई बावन्न वर्षांची, म्हणजे ऑफिसातल्या सगळ्यांचीच पी. त्याआधी सतरा वर्षं ती रांगसितच्या शर्टांच्या कारखान्यात कॉलरची शिवण तपासायची. कारखाना दुसऱ्या देशात गेला आणि ही इथेच राहिली. आमचे मालक पी सुमेत यांची बायको त्याच कारखान्यात होती. तिने नवऱ्याला सांगितलं, की तुझी तरणी पोरं दोन आठवड्यांत भिंतींना कंटाळतात, ही बाई सतरा वर्षांत कॉलरला कंटाळली नाही. लमाईचा नवरा पूर्वीच वारलेला, मूलबाळ नाही, भाड्याची एक खोली. दुपारी ती चिकट भाताची छोटी टोपली उघडून आपल्या टेबलाशीच जेवायची. कुणी बोलावलं तर "तुम्ही जेवा" म्हणायची. आम्ही जेवायचो. दोनदा बोलावून आमचं कर्तव्य संपलं होतं.

एकदा ती माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"देंग, हा बाजाराचा चौक तू केलास का?"

"जिने मी केले. का, पाय आरपार जातोय?"

"पाय ठीक आहे. एवढी घरं बांधलीत, जागेच्या राखणदाराला विचारलंत का?"

शेजारी गोल्फ बसायचा. गोल्फ हे त्याचं पाळण्यातलं नाव, त्या खेळाशी त्याचा काडीचा संबंध नाही. तो म्हणाला, "पी, जागा कुठली? ती तर कॉम्प्युटरात आहे. राखणदाराला वायर चावायची सवय असेल तरच राहील."

"म्हणूनच त्या चौकात तुझं यंत्र रोज बंद पडतं," ती म्हणाली आणि आपल्या जागेवर गेली.

ते मात्र खरं होतं. त्या चौकात शिरलं की गोल्फचा कॉम्प्युटर हटकून बंद पडायचा. मी गंमत म्हणून त्या दुपारी एक घर बनवलं. आमच्याकडे प्रत्येक इमारतीसमोर जागेच्या राखणदार देवाचं असतं ना, खांबावरचं टीचभर घर, तसलंच. उतरतं छप्पर, पुढे ओटा, ओट्यावर नैवेद्याच्या लाल सरबताची बाटली आणि तिच्यात एक नळी. ते चौकात रोवलं आणि तिला बोलावलं.

ती हसली नाही. "इथे मनोऱ्याची सावली पडते," म्हणाली. "त्यांच्या घरावर आपल्या घराची सावली पडू देतात का कुणी?"

गेममधला एक दिवस अठ्ठेचाळीस मिनिटांचा असतो. पुढचा आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत ती एकेका जागी बाहुली उभी करून सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत सावल्या बघत बसायची. शेवटी तिला धक्क्याच्या टोकाला, मिठाच्या वखारीमागे एक जागा सापडली. साऱ्या शहरात तेवढीच जागा अशी, की जिथे दिवसभर कशाचीच सावली येत नव्हती. मी घर तिथे हलवलं. गोल्फचं यंत्र बंद पडायचं थांबलं. का थांबलं ते मला विचारू नका, त्याच आठवड्यात त्याने मेमरीही बदलली होती.

त्या दिवसापासून ती सगळ्यांच्या आधी यायची. खऱ्या लाल सरबताचा एक पेला टेबलावर ठेवायची, बाहुलीला धक्क्यावर नेऊन उभी करायची आणि हात जोडायची. दोन-चार वाक्यं बोलायचीही. मी एकदा लवकर आलो तेव्हा ऐकलं. "आजोबा, काल मासळीबाजार झाला. आज गोदाम करणार आहे. बर्फ जरा जास्तच पडतोय." ऑफिसातल्या कुणाशी ती दिवसात इतकी वाक्यं बोलल्याचं मला आठवत नाही.

मी ते घर काढायचं विसरलो. खरं सांगायचं तर विसरलो नाही, तिचा चेहरा बघून काढवलं नाही. दर आठवड्याला आमचं काम बड्या कंपनीकडे तपासायला जायचं. तिथल्या कुणीतरी विचारलं, हे काय आहे? पी सुमेतांना घाम फुटला. ते म्हणाले, पक्ष्यांचं घर. तिकडून उत्तर आलं, छान आहे, राहू द्या.

इथवर सगळी गंमत होती. दीड महिन्याने एका सकाळी लमाई माझ्यापुढे येऊन उभी राहिली. तिला रागावलेली मी त्या एकाच दिवशी पाहिली.

"मी एकाला बोलावलं होतं. बाकीच्या तेहतीस जणांना कुणी बोलावलं?"

तिकडच्या सजावट करणाऱ्याला पक्ष्यांचं घर आवडलं होतं. त्याने त्याच्या नकला काढून साऱ्या शहरात पेरल्या होत्या. विहिरीपाशी, घंटेच्या मनोऱ्याखाली, मासळीबाजाराच्या वळचणीला, एक तर चक्क संडासामागे. बहुतेक सगळी सावलीत.

"पी, त्या नुसत्या नकला आहेत. आत कुणी नाही."

"घर रिकामं राहत नसतं, देंग. कुणीतरी येऊन राहतंच. आणि न बोलावता आलेल्याचं कोण करणार?"

तिने रीतसर तेहतीस तक्रारी लिहिल्या. पक्ष्यांचं घर सावलीत आहे, असं प्रत्येकीत लिहिलं. तिकडून तेहतीस वेळा एकच शेरा आला, की हे असंच हवं आहे. त्या तक्रारी आमच्या ऑफिसात पुढे वर्षभर चेष्टेला पुरल्या. ती मात्र आणखी एक तास लवकर यायला लागली. रोज सकाळी कामाआधी चौतीस घरांना फेरी घालायची, बर्फातून चालत. वर्षातून एकदा मंदिरात जाऊन पाया पडणारा मी, मला ते बघून लाज वाटायची आणि मग मी कानाला हेडफोन लावायचो.

पुढच्या थंडीत बातमी आली. बड्या कंपनीच्या प्रमुखाने कुठल्याशा सभेत म्हटलं, की एवढ्या खर्चाचे गेम यापुढे काढायचे का, याचा आम्ही विचार करत आहोत. बास, एवढंच वाक्य. आमच्या ऑफिसात त्या वाक्याची चिरफाड चार महिने चालली. 'विचार करत आहोत' म्हणजे ठरलंय, असं अर्धे म्हणायचे. ठरलं असतं तर बोलले नसते, असं उरलेले.

गल्लीच्या तोंडाशी नूडल्सची गाडी लागते, तिथे गोल्फ वाडग्यात मिरची घालत म्हणाला, "मोठा गेम म्हणजे हत्ती पाळणं आहे. सहा वर्षं ऊस घाला आणि मग कळणार लंगडा आहे की धड. मालकाला आता कोंबड्या पाळायच्यात."

"कोंबड्यांना जिने लागतात का?" मी विचारलं.

"तुला नाही ठेवणार, मला ठेवतील. मी खुराडं बांधू शकतो."

लमाई नूडल्स बांधून घ्यायला आली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि परत येताना जिन्यात मला थांबवलं. तोवर मला बढती मिळाली होती, आमच्या गटाचा मी प्रमुख होतो.

"देंग, शहर बंद झालं तर आपल्याला आधी कळेल?"

"कळेल बहुतेक. का?"

मग तिने कारखान्याची गोष्ट सांगितली. रांगसितच्या फाटकाशी राखणदाराचं मोठं घर होतं. सतरा वर्षं कामावर जाताना ती तिथे हात जोडायची. कारखान्याची जागा विकली आणि तिसऱ्या दिवशी ती हिशेब घ्यायला गेली, तेव्हा बुलडोझरने ते घर आडवं केलं होतं. ना फूल, ना उदबत्ती, ना कुणी दोन शब्द बोललं. भिंतीच्या मलब्यात लोकांनी वाहिलेले छोटे छोटे मातीचे घोडे पडले होते.

"आम्हाला दोन महिन्यांचा पगार तरी मिळाला," ती म्हणाली. "त्यांना कुणी सांगितलंसुद्धा नाही. मी बाहेर उभी राहिले आणि परत आले. आत जाऊन माफी मागायला हवी होती, तेही सुचलं नाही."

"मग आता?"

"एकाचा निरोप घ्यायला सात मिनिटं लागतात. मी बघितलंय. चालत जायला तीन, बोलायला चार. चौतीस घरं. मला चार तास लागतील. तू मला फक्त चार तास आधी सांग. नोकरीचं काय व्हायचं ते होवो."

तिने राखणदारांची घरं बसवणाऱ्या एका म्हाताऱ्याला विचारूनही घेतलं होतं. तो म्हणाला होता, कॉम्प्युटरातलं मला कळत नाही, पण निघताना सांगून निघावं, त्यात कधी चूक होत नाही. मी म्हटलं, "सांगेन पी. वचन." वचन द्यायला काय जातं, असं तेव्हा वाटलं.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी चार वाजता पी सुमेतांनी आम्हा दोघा गटप्रमुखांना आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. ठरलं होतं. हा गेम बंद, मोठे गेम बंद. शुक्रवारी बारा वाजता तिकडून लाइन कापणार. शहर त्यांच्या यंत्रांवर होतं, आम्ही नुसते इकडून डोकावत होतो. एक छोटा गेम ते आमच्याकडे देणार होते, सतरा माणसांपुरता.

"उद्या बारापर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही," पी सुमेत म्हणाले. "कुणी काही उतरवून घेतलं, बाहेर बोललं, तर ते सतरासुद्धा गेले. देंग, तू त्या सतरांत आहेस."

पाच वाजता मी पाणी प्यायला गेलो. लमाई मोरीत सरबताचा पेला विसळत होती.

"काही कळलं का रे?" तिने विचारलं. रोजच विचारायची, सवयीने.

"नाही पी."

"बरं." तिने पेला पालथा घातला, पिशवी घेतली आणि घरी गेली.

मी ते दोन शब्द नंतर पुष्कळदा उलटसुलट करून पाहिले. सतरा माणसांसाठी गप्प बसलो, असं स्वतःला सांगून पाहिलं. ते खोटं नाही. पण ती कुणाला सांगणारी बाई नव्हती, हे मला पक्कं माहीत होतं. पाच वाजता सांगितलं असतं तर नऊपर्यंत तिचं सगळं झालं असतं. मी घाबरलो होतो, बाकी काही नाही.

शुक्रवारी साडेनऊला कुठल्याशा बातम्यांच्या पानावर ते फुटलंच. ऑफिसात एकच कालवा झाला. कुणी रडत होतं, कुणी आपल्या कामाचे फोटो फोनमध्ये काढत होतं. गोल्फ खुर्चीवर उभा राहून म्हणाला, "बंधूंनो, हत्ती मेला," आणि कुणी हसलं नाही तेव्हा खाली बसला. लमाईने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग स्क्रीनकडे वळली आणि चालायला लागली.

धक्क्यावरचं पहिलं घर तिने आधी घेतलं. हात जोडून काहीतरी पुटपुटली आणि पुढे निघाली. धावली नाही. त्या बाहुलीला धावता येतं, एक बटण दाबलं की झालं. ती चालतच गेली. अकरा वाजता मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. मी शेजारच्या कॉम्प्युटरवर बसून दुसऱ्या टोकाने सुरुवात करायला हवी होती. काय बोलायचं ते तिने सांगितलं असतं. मला ते साडेबाराला सुचलं.

बाराला एक मिनिट होतं तेव्हा एकविसावं घर झालं. बाहुली घंटेच्या मनोऱ्याकडचा जिना चढायला लागली. तो जिना माझा होता, बेचाळीस पायऱ्यांचा. अर्ध्यावर असताना स्क्रीन राखाडी झाली.

तिने बटणांवरचे हात काढून घेतले. मग म्हणाली, "तेरा राहिले."

मी म्हटलं, "वाईट झालं, पी." तिने मान हलवली, पेला वर्तमानपत्रात गुंडाळला, सगळ्यांना नमस्कार केला आणि जिना उतरून गेली. खाली सोडायलाही कुणी गेलं नाही. मीही नाही.

त्यानंतर दीड वर्षं मी तिला भेटलो नाही. फोन करायचं मनात यायचं आणि जायचं. मी छोट्या गेममध्ये बदकं बनवत होतो. सात बदकं, एक तळं, भिंत एकही नाही. गोल्फकडून कळलं, की ती बोबेच्या बाजारात शाळेच्या गणवेशांच्या शिवणी तपासते.

यंदा एप्रिलमध्ये, सोंगक्रानच्या, म्हणजे आमच्या नव्या वर्षाच्या, चार दिवस आधी, बड्या कंपनीने एका नव्या गेमची झलक दाखवली. इतका मोठा गेम आजवर झाला नाही म्हणे. मोठे गेम त्यांनी सोडलेबिडले नव्हते, सोडलं होतं ते आम्हाला. बर्फ, बंदर, घंटेचा मनोरा. चार सेकंदांपुरतं माझं घर त्यात दिसलं. ओट्यावरची लाल बाटलीही तशीच. मी ती चार सेकंद किती वेळा पाहिली ते सांगत नाही.

नव्या वर्षाला आम्ही मोठ्यांच्या हातांवर सुगंधी पाणी ओततो आणि वर्षभरातल्या चुकांची माफी मागतो. मी पितळेचं वाडगं, मोगऱ्याच्या पाकळ्या आणि एक टॉवेल घेऊन सकाळी दहाला तिच्या खोलीवर गेलो. वाटेत सणाचं पाणी उडवणाऱ्या पोरांनी मला नखशिखान्त भिजवलं होतं. तिने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि आधी टॉवेल दिला. मी आणलेला ओला झाला होता.

खोली पाच पावलांची. गॅलरीत एक लाकडी फळी ठोकलेली, भरपूर उन्हात. तिच्यावर बोटभर उंचीचे पेले एका रांगेत, प्रत्येकात लाल सरबत. मी मोजले नाहीत. मोजायची गरज नव्हती.

"त्यांना दुसरी जागा मिळेपर्यंत," ती म्हणाली. "निरोप न घेता राहिले ना. कुठे जातील?"

ती खुर्चीत बसली, मी खाली गुडघ्यांवर. तिने हात पुढे केले. मी पाणी ओतलं आणि सगळे म्हणतात तेच म्हटलं, की जाणता अजाणता, बोलण्यात वागण्यात काही चुकलं असेल तर क्षमा करा. तिनेही सगळे देतात तसा आशीर्वाद दिला. तब्येत सांभाळ, कामात बरकत येवो. मला हायसं वाटलं. दीड वर्षाचं ओझं एका वाडग्यात निघालं म्हणायचं.

मग मी तिला फोनवर ती चार सेकंद दाखवली. तिने चष्मा लावला. एकदा पाहिलं, पुन्हा लावायला सांगितलं.

"मनोऱ्याखालचं आहे," ती म्हणाली. "बाविसावं. त्याच्याकडेच निघाले होते." मग फोन लांब धरून म्हणाली, "मला नीट दिसत नाही. सावलीत आहे का रे?"

मला 'नाही' म्हणता आलं असतं. तिचे डोळे आता खरंच अधू झालेत, तिला कळलं नसतं. तिला बरं वाटलं असतं आणि मला घरी जाता आलं असतं.

"सावलीत आहे, पी," मी म्हटलं. "पूर्ण सावलीत."

ती उठली. गॅलरीतल्या रांगेतला एक पेला तिने काठोकाठ भरला आणि जरा पुढे, जास्त उन्हात सरकवला. "मग तो तिथे राहिलाच नसेल," म्हणाली. "इथे आला असेल." ती माझ्याकडे पाठ करूनच उभी होती. खाली गल्लीत पोरं पाणी उडवत ओरडत होती.

"हे कसं सांगितलंस आता," ती म्हणाली, "तसं त्या गुरुवारी मोरीपाशी सांगायचं होतंस."

मी दीड वर्षं समजत होतो, की तिला माहीत नाही.

ती परत येऊन खुर्चीत बसली आणि तिने ओले हात पुन्हा माझ्यापुढे धरले. मी वाडगं उचललं. त्यात थोडंच पाणी उरलं होतं.